आक्काचा एकच फोटो

भंडारदऱ्याकडच्या एका फोटोग्राफरने मला फसवलं. जो माल सांगितला होता तो दिला नाही, जो सांगितला नव्हता तो दिला, आणि मूळ माल पुन्हा कधीच मिळू नये अशी व्यवस्था करून ठेवली. माल म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा चेहरा.

मी बारदान्याचा व्यापारी. रिकामी पोती घ्यायची, झटकायची, शिवायची, प्रतवारी लावायची आणि विकायची. श्रीरामपुरात साखर असो, कांदा असो, गहू असो, माल कुणाचाही असला तरी पोतं लागतंच. गठ्ठ्याच्या मधोमध फाटकी पोती घालून देणारे मी पाहिले, ओली पोती वजनावर खपवणारे पाहिले, शपथा घेऊन खोटं बोलणारे तर रोज पाहिले. मला फसवून सुखाने घरी गेला असा माणूस आमच्या बाजारात दाखवा. माझा आवाज मोठा आहे आणि हात लवकर उठतो हे मला ठाऊक आहे. ज्याच्या मागे कुणी नसतं त्याला आवाज मोठा ठेवावाच लागतो.

माझ्या मागे फक्त आक्का होती.

तिचं लग्न शेवगावकडच्या एका गावात झालं तेव्हा मी शाळेत जायच्या वयाचाही नव्हतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिच्या खालच्या ओठावर पांढरा ठिपका उठला. तांदळाच्या दाण्याएवढा. मग तो ओठभर झाला. मग डोळ्याखाली उठला, मग बोटांच्या पेरांवर. कोड. सासरच्यांनी भांडण केलं नाही, मारहाण केली नाही. दाजींनी तिला एसटीने माहेरी आणून सोडलं, चहा घेतला, आणि उठताना माझ्या वडिलांना म्हणाले, "दवापाणी करा. बरं वाटलं की मूळ धाडतो." सासरी न्यायला येणारं ते मूळ काही आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात दाजींचं दुसरं लग्न झाल्याचं आम्हाला एका बांगडीवाल्याकडून कळलं.

आई-वडील एकापाठोपाठ गेले. घरात मी आणि आक्का. कोड चिकटत नाही हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, पण तेव्हा तिच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं. खुरपायला घेत, पण दुपारी तिला भाकरी घेऊन बांधाच्या पलीकडे बसावं लागे. मग तिने एका व्यापाऱ्याकडून फाटकी पोती घरी शिवायला आणली. दाभण आणि सुतळी घेऊन ती सकाळपासून दारामागे बसायची. पोत्याला कुणाचा हात लागला हे कुणी विचारत नाही. त्या पोत्यांवर मी शिकलो, त्या पोत्यांवर मोठा झालो, आणि शिवून देण्यापेक्षा विकत घेऊन शिवून विकण्यात जास्त आहे हे ज्या दिवशी मला कळलं त्या दिवशी आमचा धंदा सुरू झाला. लोक म्हणतात, मी स्वतःच्या पायावर उभा राहिलो. अर्धे पाय तिचे होते.

बाहेर पडताना आक्का पदराचं टोक दातांत धरायची. बाजारात, दवाखान्यात, एसटीत, देवळात. बोलायचं झालं तरी टोक दातांतच. त्यामुळे बाहेरच्या लोकांना ती पुटपुटल्यासारखी वाटे. घरात मात्र तिचा आवाज माझ्यापेक्षा वरचा होता.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी घर बांधलं. स्लॅबचं, पुढे ओटा, आत मोठी बैठकीची खोली. बायकोने भिंतीवर फोटो लावले. देव लावले, मुलं लावली, आमच्या लग्नाचा लावला. मी म्हणालो, आक्काचाही लाव. बायको म्हणाली, "वन्संचा फोटो आहे कुठं?" मी पेटी उपसली. लग्नाचा अल्बम पालथा घातला. माझ्या लग्नात आक्काला मांडवात पुढे येऊ दिलं नव्हतं. माझ्या सासरच्या पाहुण्यांनी पाहायला नको, असं आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं, आणि मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसलो होतो. एका फोटोत अगदी कडेला एक हात आहे. अक्षतांचं ताट पुढे करणारा. बोटं पांढरी. बाकी माणूस फोटोच्या बाहेर.

मला संताप आला. कुणावर ते ठरत नव्हतं, म्हणून मी अल्बम भिरकावला. मग आक्काकडे गेलो. ती मागच्या अंगणात सुतळीला पीळ देत होती.

"आक्का, उद्या स्टुडिओत जायचं. फोटो काढायचा."

"कुनाचा?"

"तुझा."

"मेल्यावर लावायला व्हय? आत्ताच घाई झाली का तुला?"

"भिंत रिकामी आहे."

"कॅलेंडर लाव."

मी चिडलो. तीही चिडली. आमची भांडणं अशीच व्हायची, शेजारी ऐकत राहायचे. शेवटी तिने सुतळी खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "हितं न्हाई. हितला फोटोवाला मला वळखतो. काचंत लावंल आन् येनारा-जानारा बघत बसंल. जितं मला कुनी वळखत न्हाई तितं काढ."

"म्हणजे कुठे? विलायतेत?"

"पाटाचं पानी येतं कुटनं, तितं ने. बघायचं हाय मला."

आमच्याकडचं सगळं पाणी प्रवरेच्या पाटाचं. ऊस त्याच्यावर, कपडे त्याच्यावर. आक्का जन्मभर त्या पाटावर धुणं धूत आली, तेही बाकीच्या बायका उठल्यावर, त्यांच्या खालच्या अंगाला. पाणी भंडारदऱ्याहून येतं हे तिने ऐकलं होतं, पण ती संगमनेरच्या पुढे कधी गेली नव्हती.

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघंच निघालो. संगमनेरला गाडी बदलली, अकोल्याला बदलली. अकोल्याच्या पुढे डोंगर सुरू झाले तशी आक्का खिडकीला चिकटली. धरण काठोकाठ भरलेलं होतं. भिंतीवर उभी राहून ती एवढा वेळ बघत राहिली की मला वाटलं, हिला भोवळ येतेय की काय.

"एवढं हाय हितं," ती म्हणाली, "आन् आपल्याकडं पान्याची पाळी आली न्हाई म्हनून मानसं एकमेकांची डोकी फोडत्यात."

"खाली सोडतात ते मोजून सोडतात."

"देनारा मोजूनच देतो बाबा. भरल्यालं असलं तरी."

तिथे तो फोटोग्राफर फिरत होता. माझ्याच वयाचा, गळ्यात जुना चौकोनी कॅमेरा, वरून वाकून पाहायचा असतो तसला. खालच्या बाजारगावात त्याचा स्टुडिओ होता आणि सुट्टीच्या दिवशी तो धरणावर यायचा.

"शेठ, फोटो? धरण मागं, तुम्ही पुढं. पोस्टानं घरपोच."

"धरण नको. ह्यांचा पाहिजे. एकटीचा, मोठा, भिंतीवर लावायचा."

त्याने आक्काकडे पाहिलं. पदराच्या वरून डोळ्याखालचा डाग दिसत होताच. त्याने तोंड वाकडं केलं नाही, की मान फिरवली नाही. एवढं मी त्याच्या नावावर जमा धरतो.

"मग ब्लॅक अँड व्हाइट घ्या," तो म्हणाला. "रंगीत उडतो. हा तुमच्या नातवाच्या भिंतीवर ऱ्हाईल."

भाव सुरू झाला. मी त्याला निम्म्यावर आणला. तो हसत खाली आला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, पण हसत खाली येणारे भोळेही असतात. तो म्हणाला, "दोन पोझ तरी घ्या, एखाद्यात डोळा मिटतो."

"डोळा मिटला तर तो फोटो तुझ्या घरी लाव. एकच पोझ. तीन प्रती."

"शेठ, कापडाचं दुकान हाय का तुमचं?"

"बारदाना."

"तरीच."

आक्का पदराआड हसली. "तरीच म्हनतो तो. बरूबर वळखलं."

मग मी त्याला बाजूला घेतलं आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली. सगळ्या व्यवहारात मी एवढीच एक अट घातली होती. चेहरा आहे तसा आला पाहिजे. डागासकट. पावडर नको, उजेडाच्या युक्त्या नकोत, नंतरचा काही हात नको. मी त्याला म्हणालो, "मी पोत्याचं भोकसुद्धा गिऱ्हाइकाला दाखवून विकतो. तू मला झाकलेला माल देऊ नकोस."

"हाय तसं. शब्द," तो म्हणाला आणि माझ्या हातावर हात मारला. बाजारात हातावर हात पडला की सौदा झाला. त्याच्याकडेही तसंच असणार, नाहीतर त्याने हात मारला नसता.

एका जांभळीच्या झाडाला त्याने काळं घोंगडं बांधलं आणि आक्काला पुढच्या दगडावर बसवलं.

"मावशी, पदर दातातनं सोडा."

आक्काने इकडेतिकडे पाहिलं. लांबवर चार-सहा सहलीची माणसं होती. तिने पदर सोडला, खांद्यावर नीट घेतला आणि मान वर केली. अनोळखी माणसासमोर, उघड्या उजेडात, अख्खा चेहरा. मी तो चेहरा घरात रोज पाहत होतो, पण असा कधी पाहिला नव्हता. खालचा ओठ सगळा पांढरा. एका कोपऱ्यातून तो पांढरेपणा हनुवटीवर उतरलेला. डोळ्याखाली चिंचोक्याएवढा डाग. एका भुवईचे अर्धे केस पांढरे. आणि त्या सगळ्याच्या मधून ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती, जणू कॅमेऱ्यालाच काही विचारते आहे. मला वाटलं, भिंतीवर हे लागलं की घरात येणारा प्रत्येक माणूस आधी हिला नमस्कार करेल आणि मग बसेल. खटका वाजला.

"च्या सांग की रं," आक्का म्हणाली. "घसा सुकलाय."

टपरी रस्त्याच्या वळणावर होती. मी चहा घेऊन परत आलो तेव्हा फोटोग्राफर तिच्या शेजारी उकिडवा बसला होता आणि दोघं हळू बोलत होते. मला पाहून थांबले.

"काय चाललंय?"

"पत्ता सांगत हुते," आक्का म्हणाली. "ह्यांना आपली पेठ म्हाईत न्हाई."

समोरच्याचा डोळा पाहून भाव सांगणारा मी. मला काही दिसलं नाही.

परत येताना संगमनेरपर्यंत तिने पदर दातांत धरला नाही. वारा तोंडावर घेत बसली होती. समोरच्या बाकावरची एक बाई वळून वळून पाहत होती, तर आक्काने तिला विचारलं, "कुटं उतरनार तुमी?" ती बाई गडबडून गेली. संगमनेरला श्रीरामपूरची गाडी लागली, त्यात ओळखीचं एक तोंड दिसलं आणि टोक पुन्हा दातांत गेलं.

फोटो संक्रांतीच्या आधी मिळणार होते. पोस्टमनच्या वेळेला आक्का ओट्यावर येऊन बसू लागली. एरवी ती ओट्यावर बसत नसे. मी विचारलं तर म्हणायची, "ऊन खाते." संक्रांत गेली. मी फोटोग्राफरला पत्र घातलं, त्यात शिव्या सोडून बाकी सगळं लिहिलं. उत्तर नाही. आक्का मला म्हणाली, "चिडू नगंस त्याच्यावर. काम चांगलं व्हायला येळ लागतो." तिने कुणाची बाजू घ्यावी आणि तीही माल वेळेवर न देणाऱ्याची, याचं मला नवल वाटलं. तेवढंच.

एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. मी बाजारात होतो. जीप आणून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं झालं होतं. डॉक्टरांनी मला खुर्ची दिली, मी बसलो नाही.

घरी बायका जमल्या. नवरा जिवंत आहे म्हणून आक्का सवाष्ण. हिरवी साडी आणली, हातभर हिरव्या बांगड्या भरल्या, कपाळभर कुंकवाचा मळवट भरला. ज्या बायका तिच्या हातचं पाणी पीत नव्हत्या त्या तिला नटवत होत्या आणि रडत होत्या. मी कोपऱ्यात उभा राहून पाहत होतो. कुणीतरी म्हणालं, मालकाला निरोप धाडायला पाहिजे. मी म्हणालो, कोण मालक? एका म्हाताऱ्या नातेवाइकाने माझा दंड धरला आणि मला बाहेर नेलं. निरोप गेला.

दाजी मयतीला आले नाहीत.

दहाव्याच्या आधी पोस्टाने पाकीट आलं. दोन्ही बाजूंनी पुठ्ठे लावलेलं, वर फोटोग्राफरचं अक्षर. मी ओट्यावर उभ्या उभ्या फाडलं. आतल्या बाईला मी ओळखलं नाही. खरं सांगतो, मला वाटलं, मूर्खाने पाकिटं अदलाबदल केली. सावळी, गुळगुळीत चेहऱ्याची, भरल्या ओठांची एक देखणी बाई काळ्या घोंगड्यापुढे बसली होती. मग साडीचा काठ दिसला. मग कानातल्या कुड्या. मग ती नजर.

बायको येऊन मागे उभी राहिली. "अगंबाई, वन्सं!" म्हणून तिने तोंडाला पदर लावला. "किती छान आल्यात हो."

"डाग कुठायत?"

ती फोटोकडेच बघत राहिली.

"डाग कुठायत तिचे?" मी ओरडलो. घरातले सगळे बाहेर आले. फोटो हातोहात फिरला. प्रत्येक जण तेच म्हणाला, किती छान, काही कळतसुद्धा नाही. तिन्ही प्रती तशाच. फाडाव्यात असं मनात आलं, पण तिचा दुसरा फोटोच नव्हता.

दहाव्याला नदीवर तो फोटो खुर्चीत ठेवला, हार घातला. दाजी त्या दिवशी आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, काठी. लोकांनी त्यांना वाट करून दिली. मी दर्भाची अंगठी घालून पाटावर बसलो होतो. ते फोटोसमोर उभे राहिले, खिशातून चष्मा काढला, उपरण्याने पुसला, घातला आणि वाकून बराच वेळ पाहिलं.

"अशी हुती व्हय ती," म्हणाले. मग शेजारच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अशीच ऱ्हायली असती तर कशाला सोडली असती मी?"

एक-दोघांनी मान डोलावली. डोलावली! भटजी मला म्हणाले, पाणी सोडा. मी पाणी सोडलं. साऱ्या आयुष्यात तोंड उघडायची जी एक खरी वेळ होती, त्या वेळी मी पाणी सोडत होतो. विधी संपून वर येईपर्यंत दाजी शेवगावच्या गाडीला गेले होते.

तेराव्यानंतर मी फोटोग्राफरकडे गेलो. बाजारपेठेत खालच्या अंगाला एका खोलीचा स्टुडिओ. काउंटरच्या काचेखाली नवरा-नवरीचे फोटो, सगळे गोरे, सगळे गुळगुळीत. मला पाहून तो उठला.

"शेठ! मिळाले का? मावशींना आवडला?"

"मावशी गेल्या."

तो खाली बसला. मी त्याच्यापुढे प्रत टाकली. "काय सांगितलं होतं मी तुला? हातावर हात मारला होतास."

त्याने आतून निगेटिव्ह आणली आणि बल्बसमोर धरली. निगेटिव्हमध्ये उलटं असतं, जे पांढरं ते काळं येतं. तिच्या चेहऱ्यावरचे डाग तिथे काळे आले होते. ते त्याने ब्लेडच्या टोकाने जरा जरा करत खरवडून काढले होते. ओठावर बारीक आडव्या रेघा होत्या, डोळ्याखाली गोल गोल. खरवडलेलं परत येत नाही. ती फिल्मच तेवढी गेलेली असते.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"मावशींनीच."

मी त्याला म्हणालो, मेलेल्या माणसावर ढकलतोस? त्याने नाही नाही म्हणून हात जोडले. "तुम्ही च्या आणायला गेल्ता ना, तवा. मावशी म्हनल्या, भाऊ माझा तापट हाय, त्याला बोलू नका. त्याला हाय तसाच द्या. पन मला एक डागाबिगर करून द्या. भिंतीवर नको, पेटीत ठेवीन. येकदाच बघायचंय, मी कशी दिसले असते."

थोडा वेळ मला काही ऐकू येईना. रस्त्यावरून टेम्पो जात होते ते दिसत होते.

"मग?" मी म्हणालो. "मला आहे तसा द्यायचा होता ना? तो कुठाय?"

तेव्हा त्याने बल्ब विझवून खरं काय ते सांगितलं. आणि इथेच त्याने आम्हाला फसवलं. मला एकट्याला नाही, तिलाही. आधी साधी प्रत छापायची, मग ब्लेड लावायचं, एवढंच काम होतं. त्याच्याकडचा मोठा कागद संपला होता, नगरहून यायचा होता. तोवर बसून काय करायचं म्हणून त्याने खरवडायला घेतलं. खरवडलेलं इतकं साफ निघालं की त्याला वाटलं, आता साधा कुणाला हवाय? "सगळे असाच मागतात, शेठ. देवीचे वन काढा, मस काढा, काळ्याचा गोरा करा. हाय तसा मागनारे तुम्ही पहिलेच. म्हनलं, बघून तुम्हीपन खूश व्हाल." आणि वर म्हणाला, "दोन पोझ घ्या म्हनलो हुतो मी. तुम्हीच एक म्हनलात."

माझा हात काउंटरवर पडला. काच तडकली, नवरा-नवरींच्या अंगावरून आडवी. त्याने भरपाई मागितली नाही. फक्त काचेचे तुकडे गोळा करत राहिला आणि म्हणाला, "मी लवकर पाठवायला पाहिजे हुता. त्यांनी बघितला असता." मग ती निगेटिव्ह पाकिटात घालून माझ्या खिशात ठेवली. ती तशीच घेऊन मी आलो परत.

ज्याच्यासाठी ती ओट्यावर बसायची तो फोटो तिने पाहिला नाही. मला जो हवा होता तो छापला गेला नाही. दोघांचंही राहिलं.

फोटो भिंतीवर आहे. बायकोने फ्रेम करून लावला, मी लावू दिला. मुलं मोठी झाली. त्यांची आत्या त्यांच्या लेखी तीच. माझ्या धाकट्या मुलीने एकदा पाहुण्यांना सांगितलं, आमच्या आत्या फार सुंदर होत्या. खोटं नाही. पण ती बोलली ते या बाईबद्दल. मी रोज तो फोटो पाहतो आणि रोज थोडा थोडा हरतो, कारण आता मलाच नीट आठवत नाही. चिंचोक्याएवढा डाग डाव्या डोळ्याखाली होता की उजव्या? बायको म्हणते उजव्या. मी डाव्या म्हणतो आणि आवाज चढवतो, पण मला खात्री नसते. तो गुळगुळीत चेहरा मध्ये येतो आणि मागचं झाकून टाकतो. एकदा खिडकीशी निगेटिव्ह धरून बघत बसलो होतो. ओरखड्यांवरून डाग कुठवर होता हे कळेल असं वाटलं. पण सारखं दिसावं म्हणून त्याने दोन्ही डोळ्यांखाली ब्लेड फिरवलेलं होतं, आणि डागाचं कुठलं हे त्याला विचारायला पुन्हा जायचं नव्हतं.

फोटोग्राफरचा हिशोब मी मांडला आहे, त्याचा जबाब मी त्याच्या तोंडून घेतला आहे. आळशी होता, लबाड होता, आणि गिऱ्हाइकाला काय आवडतं ते त्याला पाठ होतं. पण ब्लेड लावा हे सांगायला आक्काला भाग पाडणारा तो नव्हता. त्याने तर तिच्याकडे सरळ पाहिलं होतं.

दाजी, तुम्ही अजून आहात असं कळतं. नजर अधू झाली आहे, पण कान चांगले आहेत असंही कळतं. तुम्ही नदीवर चष्मा पुसून जो फोटो पाहिलात तो तुमच्या बायकोचा नव्हता. तुमची बायको म्हणजे जे खरवडून काढलं ते. तुम्ही चार माणसांत एक वाक्य बोललात आणि गाडी पकडलीत. त्या वेळी माझे हात गुंतलेले होते, आता नाहीत. अशीच राहिली असती तर सोडली नसती म्हणालात. मग जी राहिली तिने काय केलं होतं? ओठावर तांदळाएवढा ठिपका उठला, त्यापलीकडे तिचा एक गुन्हा सांगा. ज्यांनी माना डोलावल्या त्यांच्यासमोर सांगा. मला ऐकायचं आहे, आणि मी वाट पाहणाऱ्यांतला माणूस नाही. बोला.